एक वाव दोरा

"हात!" आत्या म्हणाली आणि तिचं कोपर भिंतीवर आपटलं. ठक. भिंत प्लायवूडची होती, सकाळीच सुताराने ठोकलेली, आणि तिच्या पलीकडे मी उभा होतो, हातात टेप, कानावर पेन्सिल, आणि माझी मान उजवीकडे कलली होती. कुणी पाहिलं नाही. सर गाळ्याच्या तोंडाशी उभे होते, बिल्डरचा माणूस टेबलामागे बसून कागदांवर ठेवलेला दगड इकडचा तिकडे करत होता, रांगेतली माणसं उन्हाला शिव्या देत होती. मान कलली आणि परत सरळ झाली, पापणी लवावी तेवढ्यात. पण ती मी कलवली नव्हती. ती आपली आपण गेली, पंचवीस वर्षांनी. माणसाला घरचा पत्ता लपवता येतो, बोलण्याची ढब बदलता येते, पण मान असल्या कटात सामील होत नाही. मी टेप उगीच फूटभर बाहेर ओढली आणि सोडली. सपकन आत गेली.

"लागलं का हो, मावशी?" सरांनी विचारलं.

"नाही साहेब. नवीन जागा आहे, सवय नाही अजून."

"मघाशी काय म्हणालात? हात?"

"ते उगाच," आत्या म्हणाली. "तोंडाला खोड आहे."

हा नमुना गाळा. जुन्या बाजाराच्या जागी वीस मजले उठणार आहेत आणि त्यांच्या पायाशी, मागच्या रस्त्याला तोंड करून, बाजारातल्या बेचाळीस जणांना एकेक गाळा मिळणार आहे. चार फूट रुंद, सहा फूट खोल, वर माळा, पुढे शटर. बांधून झाल्यावर बोंबाबोंब नको म्हणून सरांनी एक गाळा खऱ्या मापाचा, प्लायवूडचा, प्लॉटच्या रिकाम्या कोपऱ्यात आधीच उभा करून घेतला. दुकानदाराने यायचं, आत बसायचं, रोजचं काम थोडं करून बघायचं, मग टेबलावरच्या पसंतीपत्रकात आपल्या नावापुढे सही करायची. सह्या झाल्या की नकाशा पक्का, मग इंचभर हलायचा नाही. नकाशा मी काढलाय. सही सरांची असते, रेघा माझ्या. सर वाईट माणूस असते तर बरं झालं असतं, सगळं त्यांच्यावर ढकलून मोकळं होता आलं असतं. पण बिल्डरला तिथे काचेच्या चार शोरूम हव्या होत्या आणि सर आठ महिने त्याच्याशी भांडले. 'छोट्या धंद्यांना प्रॅक्टिकल आणि परवडणारी जागा मिळालीच पाहिजे,' असं प्रत्येक बैठकीत म्हणायचे आणि टेबलावर बोट आपटायचे. कुणाला परवडणारी, हे त्या वाक्यात कुठेच येत नाही, पण ते माझ्या लक्षात यायलाही आठ महिने लागले. बेचाळीसच्या बेचाळीस गाळे त्यांनी राखले. कसे, तर रुंदी कापून. रस्त्याला तोंड एकशे अडुसष्ट फूट, भागिले बेचाळीस, बरोबर चार, बाकी शून्य. असा भागाकार आयुष्यात क्वचित येतो. सरांनी त्या दिवशी ऑफिसला आइस्क्रीम दिलं. मी दोन खाल्ली.

आत्या बॅगा शिवते. निघालेले पट्टे, उसवलेल्या कडा, गेलेल्या चेन. आत्ता तिच्या मांडीवर सरांचीच बॅग होती. काहीतरी शिवून दाखवा म्हटल्यावर तिने स्वतःची पिशवी उघडायच्या आत सरांनी खांद्यावरची बॅग काढून दिली, 'हा पट्टा निघायला आलाय, बघा जमतंय का,' असं हसत, आतले कागद, लॅपटॉप काही न काढता. आत्याने पट्टा उलटा करून पाहिला, नखाने एक टाका उचकला आणि म्हणाली, "मशीनचं काम आहे. दिसायला गोड." पट्टा हाताने शिवावा लागतो, मेण लावलेल्या दोऱ्याने, आणि त्याला दोरा अखंड लागतो. दोन्ही हात फाकवले की या टोकापासून त्या टोकापर्यंत जेवढा येतो तेवढा. त्याला वाव म्हणतात. मला आयुष्यात पहिलं शिकवलेलं माप ते, फूट आणि इंच नंतर आले. "एका पट्ट्याला एक वाव," आत्या सांगायची, "मध्ये गाठ आली की तुटणार तिथेच. आणि तुटणार कधी, बॅग भरलेली असताना. रिकाम्या बॅगेचा पट्टा तुटलेला ऐकलायस कधी?" वावभर दोरा जाड कापडातून ओढायचा म्हणजे हात खांद्यापासून निघतो आणि उजवीकडे लांब जातो, वल्हं मारल्यासारखा. एक टाका, एक हात. पुढे मी ऑफिसात आलो आणि तोच शब्द तिथे वेगळ्याच कपड्यांत भेटला. 'यात आता काही वाव नाही,' सर नकाशावर तळवा ठेवून म्हणायचे, आणि दर वेळी माझ्या डोळ्यांपुढे एक बाई दोन्ही हात पसरून उभी राहायची, मग मी खाली बघून पेन्सिलला टोक करायला लागायचो. टोक असलं तरी.

मोजणी मी केली, आणि सुट्टीच्या दिवशी केली. हे कुठल्याही कागदावर नाही. आठवड्यातून एक दिवस बाजार बंद असतो, त्या दिवशी जाऊया, असं मीच सरांना सुचवलं. गिऱ्हाइकं पायात येत नाहीत, टेप सरळ लागते, काम अर्ध्या वेळात होतं. सर म्हणाले, डोकं आहे तुला. डोकं होतंच. त्या दिवशी आत्या घरी असते. तिच्या शेजारी बसणारे कुलूपवाले काका घरी असतात. 'अरे कासवा, किती वाळलास, बस, चहा सांगतो,' असं ऑफिसच्या दोन पोरींसमोर ओरडणारं तिथे कुणी नसतं. मी बंद बाजार मोजला. फळ्या लावलेल्या, ताडपत्र्या ओढलेल्या, दोऱ्यांनी आवळलेल्या बेचाळीस पेट्या. मेलेल्या माणसाचं माप शिंप्याने घ्यावं तसं, हात अंगाला चिकटलेले, काही हलत नाही, माप अगदी अचूक. आत्याच्या आणि काकांच्या जागांमध्ये बॅगांची चळत रचलेली होती, तिच्यावर ताडपत्री, तिच्यावर विटा. लांबून भिंतीसारखी दिसत होती. तिथे भिंत नाही हे मला माहीत होतं. जगात ज्या दोन-चार गोष्टी मला नक्की माहीत आहेत त्यांतली ती एक. तरी मी कागदावर रेघ मारली, जाड, दुहेरी, भिंतीची असते तशी. सोबतच्या पोरीने विचारलंसुद्धा, "भिंतच ना ही?" मी म्हणालो, "मग काय दिसतंय?"

तिथे मान होती. कुलूपवाल्या काकांची मान. आत्या डावीकडे बसायची, काका उजवीकडे, मध्ये हातभर उंचीची फळी. आत्या सुई आरपार काढायची, म्हणायची "हात!", आणि काका, नजर किल्लीवरून न उचलता, कानस न थांबवता, मान उजवीकडे कलवायचे. आत्याचा हात त्यांच्या कानापाशी जाऊन परत यायचा. मान सरळ. परत सुई, परत "हात!", परत मान. दिवसाला किती वेळा, कुणी मोजलं नाही. दोघांचं पटायचं असंही नाही. किल्ल्यांचा कीस बॅगांवर उडतो म्हणून आत्या त्यांना बोलायची, मेणाच्या वासाने डोकं उठतं म्हणून ते तिला बोलायचे, एकदा तर चार महिने दोघं एकमेकांशी बोलत नव्हते, कशावरून ते आता दोघांनाही आठवणार नाही, पण त्या चार महिन्यांतही "हात!" चालू होतं आणि मान चालू होती. ते बोलण्यात धरत नसत. आई-बाबा दोघं कामाला, म्हणून शाळा सुटली की मी तिथे यायचो आणि त्या फळीलगत, बरोब्बर मध्ये, पाय दुमडून गणितं करायचो. म्हणजे दर टाक्याला दोन माना. मी जरा जास्तच आत घ्यायचो म्हणून कासव. "बघा बघा, गेलं आत," काका म्हणायचे. आत्याचा हात डोक्यावरून जाताना त्याचा वारा लागायचा, मेणाचा आणि तिच्या घामाचा वास यायचा, आणि गणितातली रेघ कधी वाकडी झाली नाही. लोक विचारतात, एवढी सरळ रेघ पट्टीशिवाय कशी मारतोस. ऑफिसातली पोरं. मी सांगतो, उपजतच आहे. साफ खोटं.

ऑफिसात लागलो त्या दिवशी सरांनी विचारलं होतं, "घरी कोण कोण?" आई-बाबा तेव्हा नव्हते, एवढं खरं. मी म्हणालो, "कुणी नाही. मी एकटाच." सर म्हणाले, "अरे अरे." ते अरे-अरे इतकं मऊ होतं की मागे फिरायची वाटच बंद झाली. आत्या तिथून चालत वीस मिनिटांवर बसून कुणाचा तरी पट्टा शिवत होती. मला कंपासपेटी तिने घेऊन दिली, ड्रॉइंगचा कोर्स तिने करवला, मुलाखतीचा शर्ट तिने इस्त्री केला, आणि मी एका वाक्यात तिला गाळून टाकलं. का? तिच्या बोटांना चिरा आहेत आणि त्यांत काळं मेण बसलंय म्हणून. ऑफिसातल्या सगळ्यांचे काका डॉक्टर आणि माझी आत्या रस्त्यावर म्हणून. दुसरं काही कारण नाही. शोधलं तर सापडेल, मोठमोठे शब्द मलाही येतात, पण हेच आहे. पुढे हे काम ऑफिसात आलं, मी बाजाराचं नाव वाचलं. आत्याला मी फक्त एवढं सांगितलं, "आमच्या ऑफिसकडे आलंय." तिने एवढंच विचारलं, "तुला त्रास नाही ना होणार?" मला वाटलं, कामाचा त्रास म्हणतेय. ती ते म्हणत नव्हती. आज सकाळी रांगेतून पुढे आली, माझ्याकडे पाहिलं, ओळखीची एक सुरकुती हलू दिली नाही आणि म्हणाली, "साहेब, चपला बाहेर काढू का?" मला. साहेब. आणि मी, तिच्या भावाचा पोरगा, काय म्हणालो? मी म्हणालो, "नको मावशी, बसा तशाच." सख्ख्या आत्याला मावशी. जगाच्या मावशीत ढकलून दिली.

"भिंतीला ओरडून काय उपयोग, बाई," रांगेतून कुलूपवाले काका म्हणाले. त्यांचा नंबर तिच्यामागे होता. "ती वाकायची नाही. माझ्यासारखी गरीब नाही ती."

रांग हसली. काकांनी मला पाहिलं, म्हणजे पाहिलंच, पण त्यांची नजर माझ्यावरून अशी सरकली जशी खांबावरून सरकते. म्हणजे तिने त्यांनाही बजावलं होतं. सगळ्या रांगेला बजावलं असणार. एकेचाळीस माणसं सकाळपासून माझी अब्रू सांभाळत उन्हात उभी होती, आणि मी त्यांना रांगेत नीट उभं राहायला सांगत होतो.

सर गुडघ्यांवर बसले. "मावशी, दोरा जरा आखूड घेतला तर? म्हणजे हात कमी जाईल. बघा, प्रॅक्टिकली."

मी तिच्याकडे पाहिलं नाही, तिच्या हातांकडे पाहिलं. ते बॅगेवर स्वस्थ पडले होते. आता ती सांगेल, मला वाटलं. एक वाव म्हणजे काय ते सांगेल, गाठ म्हणजे काय ते सांगेल, मशीनवाल्यांना जशी झापते तशी यांना झापेल.

"घेईन की," आत्या म्हणाली. "आखूड घेईन. त्यात काय."

आणि तिने कातरीने दोरा अर्ध्यात कापला. खरंच कापला. उरलेलं टोक गाठ मारून सुरू केलं, कोपर पोटाशी घट्ट धरून, वीतभर ओढायचं, थांबायचं, परत वीतभर. चिमण्या दाणे टिपतात तसं. "हात" म्हटलं नाही. भिंत वाजली नाही. "बघा," सर उठत म्हणाले, "होतंय की." त्यांचा फोन वाजला आणि ते बोलत बोलत प्लॉटच्या फाटकाकडे गेले.

मी वाकलो, माप घेतोय असं दाखवत टेप भिंतीला लावली आणि हळूच म्हणालो, "कशाला कापलास दोरा? सांगायचं ना त्यांना."

"तुम्ही तुमचं काम करा, साहेब," ती मान वर न करता म्हणाली. कुणी ऐकत नव्हतं. तरी तुम्ही. "मला हिशेब येतो. मला साडेपाच फूट लागतात. मला दिले तर सगळ्यांना द्यावे लागतील. एकशे अडुसष्ट भागिले साडेपाच करून बघा. तुम्हाला मीच शिकवलाय भागाकार."

तीस. बारा जण बाहेर. हे मला करून बघायची गरज नव्हती, मी ते मोजणीच्या दुसऱ्याच दिवशी केलं होतं आणि कागदाचा बोळा करून खिशात ठेवला होता, ऑफिसच्या टोपलीतसुद्धा टाकला नव्हता. शाळेत प्रश्न असायचा, गाळलेल्या जागा भरा. इथे उलटं, भरलेल्या जागा गाळा. आणि बारा कोण, हेही दिसत होतं. ज्यांच्याकडे कागद कमी, ज्यांच्या नावावर जागा नाही, नवऱ्याच्या माघारी ज्या बसतात. पहिलं नाव माझ्यासमोर वीतभर दोरा ओढत होतं. तिला हात हवा होता की जागा, यात तिने जागा निवडली होती, आणि त्याची किंमत म्हणून जन्मभर गाठी मारायची तयारी ठेवली होती. गाठीचे पट्टे तुटणार, गिऱ्हाइकं परत येणार, मग यायची बंद होणार. दोन वर्षांत तिचा गाळा कुणीतरी मोबाईलच्या कव्हरांना घेणार. पसंतीपत्रकावर मात्र सही राहणार. पसंत आहे.

आणि एवढं सगळं एका रेघेपायी. रुंदीचा प्रश्न नव्हताच. जुन्या बाजारात आत्याची जागा चार फुटांचीच होती, काकांची साडेतीन. माझ्याच टेपने मोजलेली. चार फुटांत साडेपाच फूट मावत होते ते एका फळीमुळे आणि एका मानेमुळे. बसलेल्या माणसाला सहा फूट खोलीतले पुढचे तीन लागतात, माल मागे असतो. मागे भिंत घाला, हवी तेवढी जाड घाला. पुढे कशाला? बेचाळीस गाळे, बेचाळीसच माणसं, पुढचे तीन फूट भिंतीशिवाय. एवढंच. हे मला आत्ता सुचलं नव्हतं. मी त्यात बसून गणितं केली होती. मला फक्त ते कागदावर काढायचं नव्हतं, कारण काढलं असतं तर सरांनी विचारलं असतं, तुला कसं ठाऊक?

"ही बाजू काढ," मी सुताराला म्हणालो.

सुतार सावलीत बसून बिडी ओढत होता. "कुठली?"

"ही उजवी. पुढचे तीन फूट."

"अहो सकाळी ठोकलीय. अजून खिळे गरम असतील."

"तीन फूट. पुढून मोज."

त्याने फाटकाकडे बघितलं, सर पाठमोरे होते. मग माझ्याकडे बघितलं. माझ्या चेहऱ्यावर त्याला काय दिसलं कोण जाणे, त्याने बिडी विझवून कानावर ठेवली, करवत आणली आणि उभी लावली. प्लायवूड किंचाळतं. आत्याने एकदा वर पाहिलं, ओठ हलले, "साहेब, अहो साहेब, काय करताय," पण करवतीच्या आवाजात ते मला दिसलं फक्त. भुसा तिच्या केसांवर बसला. शेवटी सुताराने हातोडीच्या नखाने खिळे उपटले, तुकडा सुटला आणि जमिनीवर आडवा झाला, आणि त्या मोकळ्या जागेतून एकदम ऊन आत आलं, तिच्या मांडीवरच्या बॅगेपर्यंत.

सर धावतच आले. "हे काय चाललंय?"

"मोजणी चुकलीय, सर," मी म्हणालो. माझा आवाज मला दुसऱ्या कुणाचा तरी वाटला, जरा बारीक, शाळेतला. "मी सुट्टीच्या दिवशी मोजलं. त्या दिवशी बाजारात माणसं नव्हती."

"मग? आता रुंदी वाढवायची म्हणतोस? बारा जण कमी होतात, मी काढून बघितलंय. तुला काय वाटलं, नाही बघितलं?" त्यांचा आवाज चढला. त्यांनीही बघितलं होतं तर. त्यांच्याही खिशात बोळा होता. "ही रांग बघ. उभा राहा पुढे आणि बोट दाखव, हे बारा. दाखव ना."

"रुंदी नको. भिंत नको. पुढचे तीन फूट."

"आणि शटर?"

"दोघांत एक."

"भांडणं होतील रोज."

"भांडणं चाळीस वर्षं होतायत, साहेब," काका रांगेतून म्हणाले. "भिंतीवाचून काही अडलं नाही त्यांचं." ते पुढे आले आणि जमिनीवर पडलेल्या प्लायवूडच्या तुकड्यावर मांडी घालून बसले. "उभं राहून पाय दुखले," असं कुणी न विचारता म्हणाले. सुतार तुकडा उचलायला वाकला होता, तो तसाच सरळ झाला.

सरांनी काकांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. राग नव्हता आता, काहीतरी जुळवत होते. "तुला हे आज सुचलं?"

"नाही. पंचवीस वर्षं माहीत आहे."

"म्हणजे?"

एवढा साधा शब्द, दोन अक्षरी, पोरांना पहिल्यांदा येतो तसला, आणि तो काढायला मला अख्खं शरीर लागलं. "ही माझी आत्या आहे," मी म्हणालो.

बिल्डरच्या माणसाने दगड खाली ठेवला. रांगेत कुणीतरी श्वास सोडला, सकाळपासून धरलेला. सर म्हणाले, "तू म्हणाला होतास, तुझं कुणी नाही."

"म्हणालो होतो."

आत्याकडे बघायची माझी छाती झाली नाही. मी तिच्या पायांजवळच्या भुशाकडे बघत राहिलो. तिने सबंध सकाळ जे झाकून धरलं होतं ते मी भर रस्त्यात उघडं केलं होतं, आणि त्याच झटक्यात तिची सहीही टांगणीला लावली होती. मला न विचारता माझी अब्रू तिने राखली, तिला न विचारता तिची जागा मी पणाला लावली. खरं बोललो म्हणून बरं वाटेल अशी माझी समजूत होती. बरं काही वाटलं नाही. ओकारी झाल्यावर वाटतं तेवढंच वाटलं, रिकामं आणि लाज.

"हे नियमात बसत नाही," सर शेवटी म्हणाले, शब्द सावकाश टाकत. "दोन गाळ्यांमध्ये भिंत पूर्ण लागते, खालपासून वरपर्यंत. ती नसेल तर तो गाळाच नाही. मी आठ महिने भांडलोय, तुला माहीत आहे. आता यात काही वाव नाही." आणि आत्याकडे हात पुढे केला. "द्या मावशी, बॅग द्या. झालं तेवढं पुरे."

"सुई अडकलीय, साहेब," आत्या म्हणाली.

तिने कातर घेतली आणि मघाचे सगळे टाके, ते वीतभर दोऱ्याचे, गाठीसकट उसवून काढले. एकेक, शांतपणे, जणू प्लॉटवर कुणीच नव्हतं. पट्टा बॅगेपासून पार सुटला, आणि बॅग तिच्या मांडीवर, सरांचे सगळे कागद पोटात घेऊन, लुळी पडली. सरांचा हात पुढे तसाच राहिला. मग ती उजवीकडे सरकली, कापलेल्या कडेच्या बाहेर, उन्हात. रिळाचा दोरा दातांत धरला, दोन्ही हात पसरले. वाव झाली. तोडला. मेणावरून दोनदा ओढला, सुईत घातला. आणि मग माझ्याकडे पाहिलं, सकाळपासून पहिल्यांदा.

"बस," ती म्हणाली.

मी उभाच.

"अरे बस म्हणते ना. तिथे. काका, सरका जरा."

काका प्लायवूडवर हातभर सरकले. मी बसलो, चांगल्या पँटीने, भुशात, टेप मांडीत घेऊन. तिच्याकडे बघू की सरांकडे, कळेना, म्हणून समोर रस्त्याकडे बघितलं. सुई कापडातून जातानाचा कुरकुर आवाज आला.

"हात!"

मान गेली. काकांचीही गेली असणार, कारण त्यांचा कान माझ्या कानाला लागला. तिचा हात डोक्यावरून लांब गेला, वारा लागला, मेणाचा वास आला, आणि हात परत आला. मी मान वर करायला लागलो. समोर सरांचे बूट होते, ते हलले नव्हते. त्यांचा हात पुढे आहे की खाली गेला, ते मला तिथून दिसत नव्हतं.

"वर करू नकोस मान," आत्या म्हणाली. "अजून अकरा टाके आहेत."